तुमच्याकडे रेट काय चाललाय?

पूर्वी म्हणे लग्नाच्या पंगतीत दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की पहिला प्रश्न असायचा, "गाव कुठलं?" आमच्या पिंपरी-चिंचवडात हल्ली विचारतात, "राहायला कुठे?" आणि पिंपळे सौदागर, वाकड, मोशी असं काही उत्तर मिळालं की मठ्ठा संपायच्या आत दुसरा प्रश्न येतोच, "तिकडे रेट काय चाललाय?"

मीही हा प्रश्न शेकडो वेळा विचारलाय आणि छाती फुगवून उत्तरंही दिली आहेत. आजचा लेख त्या उत्तरांबद्दल आहे. थोडी आकडेमोड आहे, थोडा कबुलीजबाब आहे. चहा घेऊन बसा.

तर झालं असं. या वर्षी, म्हणजे २०२५च्या फेब्रुवारीत, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. 'बी विंगचा टू बीएचके ९२ ला गेला!!' खाली अंगठे, फुलं, हात जोडलेले, फटाके. कुणाचा मुलगा आयआयटीला लागला तेव्हाही एवढे फटाके वाजले नव्हते. विकणारे काका आमच्याच मजल्यावरचे, शेजारचे. फ्लॅट आमच्याच मापाचा. म्हणजे बसल्या जागी, पोहे खाता खाता, आमचंही घर ९२ लाखांचं झालं होतं. आईनं तर त्या दिवशी झाडूपण जरा आदरानं मारला असावा. :)

आम्हालाही घर विकायचंय. माझं लग्न ठरतंय, रावेतकडे मोठं घर बघायचं चाललंय, त्यामुळे हा आकडा आमच्यासाठी नुसती गंमत नव्हता. मी पडलो डेटाबेसवाला. कुणी आकडा सांगितला की तो कुठल्या टेबलमधून आला हे विचारल्याशिवाय मला झोप येत नाही. विकांताला लॅपटॉप उघडला आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर गेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : महाराष्ट्रात कुठलाही खरेदीखताचा दस्त नोंदवला की त्याची 'सूची क्रमांक दोन', म्हणजे बोलीभाषेत इंडेक्स टू तयार होते. त्यात दोन ओळी फार कामाच्या असतात. एक 'मोबदला', म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत. दुसरी 'बाजारभाव', म्हणजे सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार निघणारी किंमत. यातलं जे जास्त असेल त्यावर मुद्रांक शुल्क. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष, सर्व्हे नंबर टाकायचा, वेडावाकडा कॅप्चा चार वेळा चुकवायचा आणि थांबायचं. बराच वेळ थांबायचं. पण मिळतं.

काकांच्या फ्लॅटचा मोबदला होता ८२ लाख.

माझ्या डोक्यात जे आलं तेच तुमच्याही आलं असेल, की उरलेले दहा टेबलाखालून. पण जरा विचार करा. घेणारं जोडपं चाकणच्या कारखान्यात नोकरी करणारं, पगार बँकेत, बहुतेक रक्कम कर्जाची. अशा माणसाला कागदावर किंमत जास्त हवी असते, कमी नाही, कारण कागदावर जेवढं कमी तेवढं कर्ज कमी. २०१५पासून घरखरेदीत वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणंही आयकर कायद्यात बसत नाही. रोखीचे व्यवहार होतच नाहीत असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण इथे तसं नव्हतं. हे मला खुद्द काकांनीच सांगितलं.

सामान टेम्पोत चढत होतं. काकूंचं ऑपरेशन झालं होतं आणि दोघं कायमचे गावी निघाले होते. मी चहा घेऊन गेलो तेव्हा पार्किंगमध्ये काका हळूच म्हणाले, "अरे, ब्याऐंशीलाच दिला. सहा महिन्यांत तीन गिऱ्हाईकं आली. मला पैशाची घाई होती." मग ग्रुपवर ९२ कसं? तर म्हणाले, "मी सांगितलं होतं ९२, मागितले होते तेवढे. खरं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, याच्यामुळे बिल्डिंगचा रेट पडला. सोळा वर्षं राहिलो इथे, जाताना शिव्या खाऊन कशाला जाऊ?"

विचार करा. बायकोच्या आजारपणासाठी घर विकणाऱ्या माणसाला शेजाऱ्यांची भीती वाटते, आणि तीही स्वस्तात विकल्याबद्दल. हे ऐकून चहा मलाच कडू लागला.

आता आकडे बघू.

बाबांनी हा फ्लॅट २००९ साली ३२ लाखांना घेतला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, ग्रिल, ओटा वगैरे धरून ३५ पडले. बाबा भोसरी एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये होते, तेव्हा ही रक्कम म्हणजे डोंगर होता. '३२चे ९२' म्हटलं की जवळजवळ तिप्पट. ऐकायला काय भारी वाटतं! पण सोळा वर्षांत. चक्रवाढीनं काढलं तर वर्षाला पावणेसात टक्क्यांच्या आसपास. आणि खरा आकडा, ३५चे ८२, घेतला तर साडेपाच टक्क्यांच्या आतच. त्यातून विकतानाची दोन टक्के दलाली अजून जायचीय. बाबांनी त्याच काळात पोस्टात जे पीपीएफ भरलं त्याचा दर २००९ साली ८ टक्के होता आणि एप्रिल २०२०पासून ७.१ आहे. म्हणजे ज्याच्याबद्दल कधी कुणी ग्रुपवर फटाके वाजवले नाहीत ते पासबुक जास्त वेगानं पळत होतं.

अर्थात पीपीएफमध्ये राहता येत नाही. :) घराचं भाडं वाचतं ते धरायलाच हवं. आज आमच्यासारख्या फ्लॅटला महिना २७ हजार भाडं मिळतं, म्हणजे वर्षाला सव्वातीन लाखाच्या आत-बाहेर. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा केला तर ८२ लाखांवर साधारण सव्वातीन टक्के उरतात. दोन्ही मिळून साडेआठ-नऊ टक्के. कर्जाचं व्याज यात धरलेलं नाही. वाईट मुळीच नाही. पण 'फ्लॅट म्हणजे सोन्याची कोंबडी' वगैरे जे आपण एकमेकांना सांगतो, तसंही नाही. बरी, नियमित अंडी देणारी गावठी कोंबडी म्हणा.

दुसरी गंमत. आमच्याच मापाच्या फ्लॅटचे जुने दस्त शोधले. २०१३ साली एक ५८ लाखांना गेला होता. २०१९ साली एक ६१ ला. नीट बघा, २००९ ते २०१३ या चार वर्षांत ३२चे ५८ झाले आणि पुढच्या सहा वर्षांत भाव जेमतेम तीन लाख हलला. ज्यानं ५८ला घेऊन ६१ला विकला असेल तो मुद्रांक शुल्क आणि दलाली धरता चक्क घाट्यात गेला, आणि त्याच्याबद्दल आपण कधीच ऐकत नाही. मधल्या काळात काय काय झालं ते आठवा : नोव्हेंबर २०१६ची नोटबंदी, मे २०१७पासून महारेरा, जुलैत जीएसटी. मग २०२०मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आला, राज्यानं सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्कात तीन टक्के आणि पुढे मार्च २०२१पर्यंत दोन टक्के सवलत दिली, घरून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना एक खोली कमी पडायला लागली आणि भाव पुन्हा चढू लागला. भाव जिना चढतो तसा चढतो. मध्येच एखादा लांबलचक व्हरांडा लागतो, आणि आपण नेमके त्या व्हरांड्यात असू तर सहा वर्षं चालत राहायचं.

तिसरी गोष्ट, 'स्क्वेअर फुटाचा रेट'. आमचा फ्लॅट विकला गेला तेव्हा 'सेलेबल' १०५० फूट होता, आतून मोजला तर कार्पेट ७६०. ८२ लाखांना १०५०नं भागलं तर रेट ७,८०० येतो आणि ७६०नं भागलं तर १०,८००. घर तेच, भिंती त्याच. रेरानंतर नव्या इमारतींचा रेट कार्पेटवर सांगतात. मग आमचे लोक शेजारच्या नव्या टॉवरचा साडेअकरा हजार आपल्या सात हजार आठशेशी ताडून बघतात आणि म्हणतात, "आपलं अजून फार वाढायचंय!" अहो, सफरचंदाचा भाव डझनावर आणि आंब्याचा किलोवर लावल्यासारखं आहे हे. शिवाय बांधकाम चालू असलेल्या नव्या घरावर पाच टक्के जीएसटी पडतो, जुन्यावर नाही. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे आहेच, आपल्या शहरात स्थानिक कर आणि मेट्रो अधिभार धरून सात टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट.

मग मुळात भाव वाढतो कशामुळे? बाबांची पिढी या गावात आली कारखान्यांमुळे. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली सुरू झाली, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज. कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून १९७२ साली खास नवनगर विकास प्राधिकरण काढलं. निगडी-आकुर्डीचे ते सरळ रस्त्यांचे सेक्टर त्याचेच. जमीन मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. २०२१मध्ये ते प्राधिकरण पीएमआरडीएत विलीन झालं. पुढे हिंजवडी आलं, चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आले. नोकऱ्या आल्या की माणसं येतात, माणसं आली की भाव येतो. इतकं साधं आहे. पण भाव नोकरीच्या आधी बातमीवरच पळतो. चाकण-राजगुरुनगरकडे विमानतळ होणार म्हणून कितीतरी लोकांनी तिकडे प्लॉट आणि फ्लॅट घेतले, आणि २०१६ साली विमानतळाची जागा पुरंदरला ठरली. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८चं. तेव्हापासून 'मेट्रोपासून दोन मिनिटं' अशी जाहिरात करणाऱ्या इमारतींतले लोक वर्षानुवर्षं पाऊण-पाऊण तास वाकड पुलाखाली उभे राहिलेत. बातमीचा भाव आपण आज देतो, गाडी यायची तेव्हा येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाढते ती जमीन. इमारत झिजते. लिफ्ट, पाईप, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळ्याचं वय होतं. जमिनीत आपला हिस्सा कागदावर आहे का, हे आपल्यातल्या किती जणांनी बघितलंय? आपल्याकडे दोन प्रकार आहेत. १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन झालं असेल, म्हणजे ज्याला काँडोमिनियम म्हणतात ते, तर प्रत्येकाच्या डीड ऑफ अपार्टमेंटमध्ये जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. सोसायटी असेल तर जमीन सोसायटीच्या नावावर व्हावी लागते, म्हणजे अभिहस्तांतरण, कन्व्हेयन्स. बिल्डर करून देत नसेल तर २००८च्या दुरुस्तीनंतर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. आमच्या सोसायटीचं अजून झालेलं नाही. ग्रुपवर भावाचे मेसेज महिन्याला पन्नास पडतात. कन्व्हेयन्सबद्दल मी शोधलं, तीन वर्षांत दोन मेसेज. दुसरा मेसेज होता, 'याबद्दल मीटिंगमध्ये बोलू'.

असो. आता कबुलीजबाब.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. लिफ्टमध्ये एक जोडपं भेटलं. त्याच्या खांद्यावर पोरगी झोपलेली, तिच्या हातात फाईल. काकांचा फ्लॅट बघून खाली निघाले होते. तिनं विचारलं, "दादा, तुम्ही इथेच राहता ना? पाणी कसं आहे हो?"

आमच्या शहरात नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. पवना धरणातून रावेतच्या बंधाऱ्यावर जेवढं उचलता येतं ते वाढत्या वस्तीला पुरत नाही. थेट धरणातून आणायच्या बंद जलवाहिनीला मावळात विरोध झाला. ऑगस्ट २०११मध्ये बऊरला गोळीबारात तीन शेतकरी गेले आणि ते काम थांबलं. तर आमच्याकडे उन्हाळ्यात रोज तीन-चार टँकर येतात. हे मला माहीत होतं. टँकरवाल्याचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे.

मी म्हणालो, "पाण्याचा तसा काही प्रॉब्लेम नाही."

'तसा' हा शब्द मी का घातला ते मलाच ठाऊक. चौथ्या मजल्यावरून खाली यायला लिफ्टला किती सेकंद लागतात? तेवढ्यात मी हिशेब केला होता. त्यांनी घर घेतलं तर रेट राहील, रेट राहिला तर आमचंही तेवढ्याला जाईल. समोरच्या बाईच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नाही.

फेब्रुवारीत ते राहायला आले. एप्रिलमध्ये एके दिवशी सकाळी ती लिफ्टमध्ये भेटली, पायाशी दोन रिकाम्या बादल्या. भांडली नाही, टोमणा मारला नाही. एवढंच विचारलं, "दादा, टँकर किती वाजता येतो?"

त्या दिवशी ऑफिसात मी तीन तास एका सोप्या बगकडे नुसता बघत बसलो होतो.

माझं मत सांगतो, पटलं तर बघा. रेट नावाच्या या भुतानं आपल्याला मालक केलं, पण शेजारी म्हणून पार बिघडवून टाकलं. आमच्या इमारतीला पंधरा वर्षं होऊन गेली. आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आमच्याकडे विषय निघाला तेव्हा एक सद्गृहस्थ म्हणाले, "ऑडिट केलं की कागद तयार होतो. कागद तयार झाला की घेणारा मागतो." ही त्यांची हुशारी! म्हणजे तुळईला तडा असेल तर तो आपल्या पोरांच्या डोक्यावर चालेल, पण कागदावर नको. टँकरचा खर्च हिशेबात 'किरकोळ'मध्ये टाकायचा. गळणाऱ्या गच्चीचा फोटो ग्रुपवर टाकला की 'डिलीट करा, बाहेर जाईल'. सिंकिंग फंड वाढवायचा म्हटलं की मेंटेनन्स वाढतो आणि गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून तोही नको. भाव टिकवायच्या नावाखाली ज्या गोष्टींनी भाव खरंच टिकतो, नेमक्या त्याच आपण टाळत बसलोय.

म्हणून सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडला. सूचनाफलकावर एक पान लावायचं, दर तीन महिन्यांनी बदलायचं. महिन्याला टँकर किती आणि खर्च किती, सिंकिंग फंडात शिल्लक किती, ऑडिट झालं का, कन्व्हेयन्स कुठवर आलं, कोर्टात काही आहे का, आणि शेवटच्या तीन विक्रींचे इंडेक्स टूमधले आकडे, नावं न लिहिता. बस्स, एवढंच. घेणाऱ्यानंही वाचावं आणि आपणही.

काय झालं असेल? वीस मिनिटं गोंधळ. "तू तरुण आहेस, तुला कळत नाही." "मग बोर्डवर लिहा ना, इथे भूत आहे!" शेवटी अध्यक्षांनी 'पुढच्या सभेत विचार करू' म्हणून विषय गुंडाळला. बाजूनं सहा हात वर झाले होते. त्यातला एक नव्या शेजारणीचा.

आमच्या घराबद्दल मात्र मला सभेची परवानगी लागत नाही. एजंटला सांगून टाकलं की येणाऱ्याला टँकरचं आणि कन्व्हेयन्सचं आधीच सांगायचं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, तीन-चार लाखाला फटका बसेल." बाबांना विचारलं. ज्या माणसानं भोसरीत ओव्हरटाईम करून ओटीपार्ट जमवला त्याला तीन लाख म्हणजे काय हे मी काय सांगणार! ते बराच वेळ पेपरात डोकं घालून बसले आणि मग म्हणाले, "सांग तू. फक्त मी घरात नसताना सांग."

आतापर्यंत दोन गिऱ्हाईकं आली. पहिला टँकरचं ऐकून चहा न पिताच गेला. दुसरे मधल्या वयाचे एक गृहस्थ होते. त्यांनी वहीत सगळं लिहून घेतलं, "इतर कुणी हे सांगत नाही हो," म्हणाले आणि ७८ बोलले. आम्ही अजून हो म्हटलेलं नाही. खोटं कशाला बोलू, ते चार लाख माझ्या डोक्यातून जात नाहीत. रावेतच्या घराचा हप्ता त्यानं कितीनं वाढेल याची शीट मी रोज रात्री उघडून बघतो.

पण परवा एका लग्नात पंगतीला शेजारच्यानं विचारलंच, "पिंपळे सौदागर का? तिकडे रेट काय चाललाय?"

म्हटलं, "ब्याऐंशी. आणि उन्हाळ्यात रोज चार टँकर."

त्यानं जरा चमकून माझ्याकडे बघितलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्याकडे सहा."